विकत घेतलेल्या निबंधाची पारख

बाजारांतील मालाची पारख वसईच्या मुलांस शिकवावी लागत नाहीं. सुकेळें हातांत घेतांच तें नीट सुकलें आहे कीं नाहीं, हें येथील पोर सांगेल. परंतु हल्लीं निबंध आणि प्रकल्पही बाजारचा माल झाले आहेत. शाळेंतील मुलास तयार वही दुकानांत मिळते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यास सत्राचा निबंध घरबसल्या इंटरनेटवरून मागवितां येतो. तेव्हां या मालाचीही पारख करणें प्राप्त आहे.

असा निबंध वाईटच असतो असें नाहीं. शुद्धलेखन निर्दोष, मुद्दे क्रमवार, शेवटीं ग्रंथांची यादी! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें प्रबंधाचें इतरांच्या लेखनाशीं साम्य शेंकडा १० पर्यंत असल्यास शिक्षा नाहीं. ६० हून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. परंतु ही मोजणी शब्दांची झाली. पैसे देऊन नव्यानें लिहवून घेतलेला निबंध या चाळणींतून सहज निसटतो. म्हणूनच इंग्लंडनें २०२२ सालीं असे निबंध विकणें हाच गुन्हा ठरविला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांपुढें आलें, आणि जें विकत घ्यावें लागे तें जवळजवळ फुकट मिळूं लागलें.

मग पारख करावी कशी? गेलीं वीस वर्षें मी वह्या तपासतों आहें; माझ्या मतें कसोट्या दोन आहेत. पहिली ही कीं, लेखनाला गांव आहे काय? ‘पाण्याचें प्रदूषण’ या विषयाची तयार वही वसईस चालते तशी नागपुरासही चालते. तींत नदी असते, कारखाना असतो, उपायही असतात. मात्र आपल्या वाडींतलें बावखल नसतें. एका वर्षीं एका मुलीनें आजीस विचारून, बावखल बुजविल्यावर घरच्या विहिरीचें पाणी कसें मचूळ झालें, तें दीड पानांत लिहिलें. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ. परंतु तें लेखन जगांतील कोणत्याही दुकानांत मिळालें नसतें.

दुसरी कसोटी प्रश्नाची. वही मिटावी आणि लिहिणारास विचारावें, “हें वाक्य तूं कां लिहिलेंस?” ज्यानें स्वतः लिहिलें तो अडखळतो, परंतु कांहीं तरी सांगतो, कित्येकदां लिहिल्याहून अधिक चांगलें सांगतो. ज्यानें विकत घेतलें त्यास शब्द आठवतात, कारण आठवत नाहीं.

या पारखेंत आम्हां शिक्षकांचीही जबाबदारी आहे. गुण वहीच्या रंगीत पुठ्ठ्यास दिले, तर ज्याच्यापाशीं पैसे नाहींत त्या मुलाचा पराभव आमच्याच लाल पेन्सिलीनें होतो. वर्षानुवर्षें तेच विषय दिले, तर दुकानदारास दोष तरी किती द्यावा? विषयच असा द्यावा कीं, त्याचें उत्तर आपल्या पाड्यावर, आपल्या वडीलधाऱ्यांपाशीं शोधावें लागेल.

विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्यास मोल देऊन आपल्याऐवजीं पोहावयास लावलें, तर तो पैलतीरास पोंचेल. आपण मात्र अलीकडेच राहूं. निबंध चांगला कीं वाईट हें शिक्षक ठरवितील. तो लिहून आपण कालच्यापेक्षां अधिक जाणते झालों काय, हें तुमचें तुम्हींच पारखावें.