रेघेआधीचा श्वास

लांब रेघ ओढायची म्हटलं की चित्रकाराचा श्वास आपोआप कोंडतो. कागदाला टाक टेकला की छाती आवळते, रेघ संपली की सुस्कारा सुटतो. कोंडलेल्या श्वासाची एक बारीक थरथर रेघेत उतरते आणि सरावलेल्या डोळ्याला ती नेमकी कुठे उतरली तेही दिसतं. कला महाविद्यालयात आम्हाला सांगायचे, मनगटातून नको, खांद्यातून ओढ. श्वासाचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. ते मला योगवर्गात कळलं, आणि तिथे मी गेले होते आखडलेल्या खांद्यासाठी.

वर्ग अय्यंगार पद्धतीचा. भिंतीला दोर, कोपऱ्यात लाकडी ठोकळे, पट्टे, घड्या घातलेल्या चादरी. पुण्यात ही पद्धत गल्लोगल्ली मुरली आहे. आसनं मी बेतानेच करते. मला धरून ठेवलं ते विलोम प्राणायामाने. पाठीखाली लोड घेऊन निजायचं आणि श्वास एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडायचा. थोडा सोडला, थांबलं. पुन्हा थोडा. मधल्या थांब्यात घेणंही नसतं आणि सोडणंही. पहिल्यांदा जीव घाबरा होतो. मग तिथे जागा आहे असं वाटू लागतं.

हल्ली मी रेघ सोडत्या श्वासावर ओढते. श्वास थांबला की हात थांबतो. टाक कागदावर टेकलेलाच राहिला तर शाईचा ठिपका पसरतो, म्हणून तो केसभर उचलायचा, जागा न सोडता. पुढच्या श्वासाला तिथूनच निघायचं. अशा रेघेला सांधे असतात. पट्टीने आखलेल्या रेघेला ते नसतात आणि श्वास कोंडून ओढलेल्या रेघेतही नसतात. मला ते आवडतात.

या वर्गात शवासनाच्या वेळी कधीकधी डोळ्यांवरून क्रेप बँडेज बांधतात, पाय मुरगळल्यावर बांधतात तेच, हलक्या हाताने. मिटल्या पापण्यांआडही बुबुळं फिरत असतात, त्या पट्टीखाली ती निवतात. बघणं हाच ज्याचा धंदा, त्याला हे अवघड जातं. आधी पापण्यांआड जांभळे-हिरवे डाग तरंगतात आणि त्यातही मी आकार शोधत बसते. मग तेही विरतं. पट्टी काढल्यावर समोरची भिंत नुसती पांढरी नसते: खालच्या कडेला तिच्यात पिवळट छटा असते, दाराजवळ निळसर. यात गूढ काही नाही. अंधाराला सरावलेली दृष्टी उजेडात परत येताना थोडा वेळ असंच बघते. तेवढ्या वेळात मी ब्रश हातात घेत नाही. नुसती बघते.

चित्रकार वासुदेव गायतोंडे असे बघत बसत. नागपुरात 1924 साली जन्म, मूळ गोव्याचं, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. 1972च्या सुमारास ते दिल्लीला गेले आणि पुढे निजामुद्दीनमध्ये राहिले. झेन, कृष्णमूर्ती, निसर्गदत्त महाराज ही नावं त्यांच्याबद्दल बोलताना नेहमी निघतात, आणि त्यांना योगी म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. मला त्या विशेषणाचा कंटाळा आला आहे. माणूस सिनेमा आवडीने बघायचा, संगीत मन लावून ऐकायचा. कॅनव्हासवर त्यांनी केलं ते निव्वळ कसबाचं काम होतं. रंगाचा थर रोलरने पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून तो टिपून घ्यायचा. कागद लवकर दाबला तर रंग फासला जातो, उशीर झाला तर सुटत नाही. तैलरंग नेमका कधी आवळत येतो, हे बसल्याशिवाय कळत नाही. त्यांच्या त्या बसण्याला लोक ध्यान म्हणतात. असेलही. पण ध्यानाला तिथे काम होतं, आणि ते काम रंगाच्या वाळण्याशी बांधलेलं होतं. वर्षाकाठी त्यांची बोटांवर मोजण्याइतकीच चित्रं होत.

1984मध्ये झालेल्या एका अपघातानंतर मोठे कॅनव्हास त्यांच्या आवाक्याबाहेर गेले. काही वर्षं त्यांनी कागदावर शाईने लहान लहान कामं केली. ती मला त्यांच्या सोनेरी, पाण्याखालच्या उजेडासारख्या कॅनव्हासांपेक्षा जवळची वाटतात. शरीराने हद्द आखून दिली आणि ते त्या हद्दीत बसले.

‘ध्यानाने सर्जनशीलता वाढवा’ अशी शिबिरं हल्ली खूप निघतात. माझा अनुभव उलटा आहे. बसल्यावर कल्पना सुचत नाहीत, होत्या त्याही गळतात. सकाळी फार देखण्या वाटलेल्या चार गोष्टींपैकी तीन श्वास मोजता मोजता फिक्या पडतात. काम कमी होतं, गॅलरीवाले नाराज होतात. आणि ध्यान करणाऱ्याचं चित्र चांगलं असेलच, याची काही हमी नाही. चक्रं, कमळं आणि ॐ घातलेली किती निर्जीव चित्रं आपण हॉटेलांच्या लॉबीत पाहतो! चित्रकार रझांचा बिंदू त्या रांगेतला नाही. मध्य प्रदेशातल्या खेड्यात शाळेच्या गुरुजींनी चंचल पोराचं चित्त ठरावं म्हणून भिंतीवर ठिपका काढून दिला होता. तो पॅरिसमध्ये राहत असलेल्या चित्रकाराच्या कॅनव्हासवर मध्यभागी येऊन बसायला आयुष्याचा मोठा तुकडा जावा लागला. पाठोपाठ आलेल्यांनी तो आयता उचलला.

नसरीन मोहमदीकडे असं चिन्हबिन्ह काहीच नाही. नुसत्या रेघा आहेत, शाईच्या आणि पेन्सिलीच्या, बहुतेकींना ना नाव ना तारीख. 1937 साली कराचीत जन्मलेली ही बाई मुंबईत गायतोंड्यांच्या सहवासात आली, 1972पासून बडोद्याला शिकवत होती. मज्जासंस्थेच्या आजाराने तिच्या हालचालींवरचा ताबा सुटत गेला आणि कागदावरच्या रेघा मात्र काटेकोर राहिल्या. आखणीची उपकरणं मदतीला होतीच. पण पट्टीला धरलेला हातसुद्धा कुणाचातरी असतो. तिची चित्रं बघताना मी माझ्याच नकळत श्वास हळू करते. 1990मध्ये अलिबागजवळच्या किहीमला तिचं निधन झालं.

हे सगळं मी एकदा आमच्या योगवर्गाच्या बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अगं, चित्रासाठी करत असशील तर नको करूस. प्राणायाम काही ब्रश धुवायचं पाणी नव्हे.” मी वाद घातला. पतंजलींनी आसनाला सगळी मिळून तीनच सूत्रं दिली, त्यात स्थैर्य आणि सुख इतकंच मागितलंय. रेघेतही मी तेवढंच मागते, मग फरक काय? बाई हसल्या नाहीत. “तू रेघेकडून मागतेस,” म्हणाल्या. आमचं हे भांडण अजून मिटलेलं नाही. मी प्राणायाम चित्राआधी करते, त्या म्हणतात चित्र संपल्यावर कर. गुरुवारी त्यांनी मला पुन्हा दोराला लटकवलं आणि माझ्या डाव्या खांद्याची तक्रार केली.