नाकाच्या उंचीचा झरोका

घोरपडीसाठी पेटी घडविताना लाकूड कोणते, फळी किती जाड, सांधा कोणता, हे प्रश्न ज्याने काही वर्षे रंधा धरला आहे त्याला पडत नाहीत. परंतु वारा आत यावा आणि उजेड मात्र येऊ नये, ही एकच अट अशी आहे की तिच्यापुढे बल्लारपूरच्या सागवानात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या सुताराचीही मती कुंठित होते. यंदा हाताला कंप सुटला, गिरमिट सरळ उतरेनासे झाले आणि छिद्रे पाडण्याचे काम भाच्याच्या स्वाधीन करावे लागले. एरवी हे विचार लाकडातच राहिले असते, कागदावर आले नसते.

पाळण्यासाठी म्हणून पेटी मागावयास येणाऱ्यास मी दारातूनच परत पाठवितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे आणि तिला घरी ठेवणाऱ्यास किमान तीन वर्षांचा कारावास आहे. माझ्या पेट्या जातात त्या सर्पमित्रांकडे आणि वनखात्याकडे: पावसाळ्यात कोणाच्या न्हाणीत शिरलेली, विहिरीत पडलेली, अथवा कोणा शौकिनाने कमरेला दोरी बांधून ठेवलेली आणि मग जप्त झालेली घोरपड, सरकारी दप्तरात जिचे नाव ‘मुद्देमाल’ असे पडते, तिला पंचनामा आणि सुटका यांच्या दरम्यान कोठेतरी रात्र काढावीच लागते.

तिला जाळी कळत नाही. जेथे उजेड तेथे वाट, एवढेच ती जाणते, आणि त्या उजेडावर रात्रभर नाक घासून सकाळपर्यंत ते रक्तबंबाळ करून घेते. छिद्रे झाकणालगत ठेवावीत, तर तापलेली हवा निघून जाते, पण तिच्या जागी नवी येण्यास खालून वाट उरत नाही. आणि चंद्रपूरच्या वैशाखात पारा ४६ अंशांवर गेला असता अशी पेटी म्हणजे भट्टीच. परदेशी पुस्तकांत सरड्या-घोरपडींच्या निवाऱ्याला दिव्याने ऊब कशी पुरवावी यावर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. आमच्याकडे ऊब फुकट मिळते, सावली मात्र घडवावी लागते. छिद्रे खाली पाडावीत, तर ती नेमकी तिच्या नाकाच्या उंचीवर येतात.

म्हणून मी दुहेरी भिंत केली. बाहेरची छिद्रे व आतली छिद्रे समोरासमोर येणार नाहीत अशी, मध्ये दोन बोटांची पोकळी ठेवून. वारा वळतो, उजेड वळत नाही. तथापि त्या पोकळीत तिची पांढरी विष्ठा साचते, मुंग्या लागतात, आणि धुण्यासाठी आतली फळी सरकती करावी लागते. ही फळी सैल ठेवली तर घोरपड नखांनी ती उचलते. घट्ट बसविली तर आषाढात फुगून निघत नाही. सैल आणि घट्ट यांमधली अर्ध्या सुताची सीमा मला आजतागायत बाराही महिने सांभाळता आलेली नाही, आणि झोपेतही मी तीच फळी तासत असतो.

हल्ली काचेच्या रंगीत पेट्या विकणारे पुष्कळ झाले आहेत. परदेशी इग्वाना बाळगणाऱ्यांच्या दिवाणखान्यास त्या शोभत असतील (त्या प्राण्याचीही आता सरकारदरबारी नोंदणी करावी लागते), परंतु काच म्हणजे सर्वांगाने उजेडच. नाकाचे दुखणे तेथे चारही बाजूंनी. प्लायवुड आणि सरसाने जोडलेल्या खोक्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

माझाही शृंगार मला सुटला नाही, हे कबूल केले पाहिजे. दुभंगलेल्या जिभेने जग हुंगणाऱ्या प्राण्यास पॉलिशचा वास नको, म्हणून आतली बाजू मी कोरी ठेवतो. बाहेरची मात्र, जिच्यावर साहेबांची नजर पडते, आलापल्लीच्या सागाचे सोनेरी पाणी उजळेपर्यंत घासतो. शिवाय एका कोपऱ्यात लहानशी खिडकी ठेवीत असे. पाहणाऱ्याने तिच्यातून डोकवावे आणि ‘ही पेटी कोणी केली?’ असे विचारावे, यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. भाच्याने मला न विचारता तिच्यावर फळी ठोकली आणि आत कौलाची एक पन्हळ उपडी घातली, वारुळातल्यासारखे पाठीला छत टेकावे म्हणून. घोरपड तीत शिरली ती हललीच नाही. त्या दिवशी मी त्याच्याशी जेवताना बोललो नाही.

सिंहगडाच्या पोवाड्यातली यशवंती घोरपड लहानमोठ्या सर्वांच्या मुखी आहे. पण स्वारीवर तिला कोणत्या पेटीतून नेत, हे कोणी शाहिराने सांगितलेले नाही. सुताराला मात्र प्रथम तेच विचारावेसे वाटते.

आपल्या घरी घोरपड शिरली तर तिला उंदराच्या पिंजऱ्यात वा खताच्या पोत्यात कोंडू नका; त्या खोलीचे दार लावून घ्या, दिवा मालवा, मुलांना दूर ठेवा आणि वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवा.