काळ्या शाईची निवड

आमच्या घरीं आजीचें 1938 सालीं काढलेलें एकच छायाचित्र आहे. 1944 सालीं ती क्षयानें गेली. आत्याबाई तेव्हां पांच वर्षांच्या होत्या; आईचें निरोगी रूप त्यांस ठाऊक आहे तें या छायाचित्रावरूनच. मूळ प्रत कडांनीं फिकी पडूं लागली, म्हणून नवी काढवून ती आत्याबाईंच्या खोलींत लावावी, असें आम्हीं ठरविलें.

एका दुकानांतून गुळगुळीत कागदावर प्रत छापून आणली. दुपारीं ती छान दिसली. रात्रीं दिव्याखालीं पाहतों तों चेहऱ्यावर हिरवट छटा! वर्षभर पश्चिमेच्या खिडकीसमोर राहिल्यावर तर ती तांबूस होऊन विटली. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, ही आजारी दिसते. मीं आईला आजारीच पाहिली. फोटोंत तरी तिला बरी राहूं दे."

हे शब्द मनास लागले आणि आम्हीं शाईची चौकशी आरंभिली. दुकानदाराच्या यंत्रानें करडा रंग निळी, किरमिजी व पिवळी या शायांचे ठिपके मिसळून साधला होता. असा करडा एका उजेडांत जमला, तरी दुसऱ्या उजेडांत त्याचा तोल ढळतो. शिवाय ती शाई 'डाय' जातीची, म्हणजे द्रवांत पूर्ण विरघळलेली होती. प्रकाशानें व हवेंतील ओझोननें तिचे रेणू मोडतात. आणि तिन्ही रंग सारख्या वेगानें उडत नाहींत, म्हणून चित्र नुसतें फिकें न होतां रंगही पालटतें.

'पिगमेंट' शाईंत न विरघळणारे सूक्ष्म कण असतात, व काळ्या पिगमेंटमध्यें ते कार्बनचे, म्हणजे काजळीचेच. काजळ आणि डिंक यांच्या शाईनें लिहिलेल्या जुन्या पोथ्या ज्यांनीं माळ्यावरून काढून पाहिल्या असतील, त्यांस कार्बनची टिकाऊ शक्ति वेगळी सांगावयास नको.

परंतु एकाच काळ्या शाईनें भागत नाहीं. फिक्या जागीं तिचे ठिपके विरळ पडून गाल खरखरीत दिसतो. म्हणून एप्सन कंपनीनें 2005 सालीं काळी, फिकी काळी व अतिफिकी काळी अशा तीन शाया असलेला संच काढला. इतरांच्याही यंत्रांत आतां करड्या शाया असतात. कागदही पाहावा लागतो: चकचकीत कागदास 'फोटो ब्लॅक', तर सुती, खडबडीत कागदास 'मॅट ब्लॅक'. यांची अदलाबदल झाल्यास काळेपणा मरतो किंवा शाई बोटास लागते.

खर्च अधिक, म्हणून थोरले बंधु प्रथम नाखूष होते. तरीही आम्हीं आम्लरहित सुती कागद घेतला आणि करड्या शायांवरच भर देऊन दुसरीकडे प्रत छापविली. कांचेआड बसवून ती खिडकीसमोरून आंतल्या भिंतीवर हलविली. मूळ प्रत मात्र टाकली नाहीं. ती कोरड्या पेटींत जपून ठेविली आहे.

त्या रात्रीं आत्याबाईंनीं मुद्दाम दिवा लावावयास सांगितला. चष्मा पुसून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नथीचे मोती मोजतां येतात रे!" थोरल्या बंधूंनीं दुसऱ्याच दिवशीं चारही भावंडांच्या घरांसाठीं आणखी प्रती सांगितल्या.