विजेची बंडी

आपल्या वाशिम जिल्ह्यात थंडीचा बंदोबस्त करणे फारसे अवघड नाही. दिवाळी आटोपली की कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या दुकानांत लुधियानाचे स्वेटर आणि सोलापूरच्या चादरी मांडल्या जातात. पौषातल्या काही कडाक्याच्या रात्री सोडल्या, तर एक स्वेटर आणि एक रजई यांवर आपला हिवाळा निभावतो. त्यामुळे ऊब ही नीट पारखून घेण्याची वस्तू आहे, असे आपल्या मनात सहसा येत नाही. माझ्याही आले नव्हते. ते आले समुद्राच्या पाण्याखाली घालायच्या एका बंडीमुळे, तेही निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी नॉर्वेतील बर्गन विद्यापीठात सागरी जीवशास्त्र शिकते. पाण्याखाली श्वास घेण्याचे पहिले धडे तिने आपल्याच कोकणात, मालवणजवळच्या तारकर्लीला घेतले. तेथील समुद्र कोमट असतो. अंगात एक पातळ रबरी पोशाख असला की काम भागते. बर्गनचे पाणी हिवाळ्यात पाच-सात अंशांपर्यंत उतरते. तिथे ती केल्प नावाच्या उंच समुद्रशैवालांच्या रानात कोणते जीव राहतात, त्यांची मोजणी करते आणि छायाचित्रे घेते. ती जाणार हे ठरले तेव्हा आमच्या आईने एकच प्रश्न विचारला होता, ‘‘मासे पकडायचे तर नाहीत ना?’’ नाही, केवळ पाहायचे आणि लिहून घ्यायचे, हे कळल्यावर तिने परवानगी दिली. जलकायिक जीवांचाही विचार करणाऱ्या घरातील मुलगी पाण्यातील जीव मोजायला जाते, याचे तिला पुढे कौतुकच वाटू लागले.

गेल्या डिसेंबरात मुलीचा फोन आला. ‘‘मोठे बाबा, चाळीस मिनिटं झाली की बोटं माझी राहत नाहीत. काल पट्ट्याची कडी मला सुटेना, जोडीदारानं सोडवली. इथे विजेवर तापणारी बंडी मिळते. घेऊ का?’’ भाऊ शेजारीच बसला होता. तो कापडाचा व्यापारी. पण त्या क्षणी तो फक्त बाप होता. ‘‘दादा, सर्वांत महाग असेल ती घेऊ दे. पैशाचा प्रश्न नाही.’’ पाण्याखाली जिला स्वतःची कडी सोडवता येत नाही, तिला संकटात स्वतःचे वजन टाकून वरही येता येणार नाही, हे त्याला न सांगता कळले होते.

माझी नोकरी कर्जाच्या अर्जांवर सह्या करण्यात गेली. अर्जदार किती मागतो, यापेक्षा त्याचे स्वतःचे भांडवल किती आहे, हे आधी पाहायचे, ही तेथील शिकवण. तिच्याकडून मी उत्पादकांची माहितीपत्रके मागवून घेतली, पाणबुड्यांसाठी लिहिलेले वैद्यकीय लेख वाचले, आणि महिनाभरात लक्षात आले की ही शिकवण इथेही जशीच्या तशी लागू पडते.

पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून वीस अंशांच्या हवेत आपण सुखाने बसतो आणि वीस अंशांच्या पाण्यात काही वेळाने कुडकुडू लागतो. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली गेले की वैद्यक त्याला धोक्याची अवस्था मानते. पण त्याच्या बरेच आधी शरीर आपली काटकसर सुरू करते. छाती-पोटातील अवयव वाचवण्यासाठी ते हातापायांकडे जाणारे रक्त आवरते. बोटे बधिर होतात ती यामुळे. म्हणूनच बंडी तापवते धड, आणि फायदा होतो बोटांना.

थंड पाण्यात दोन प्रकारचे पोशाख चालतात. वेटसूट हा निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. त्यात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात आणि तेच ऊब राखतात. परंतु पाण्यात दर दहा मीटरला वातावरणाइतका एकेक दाब वाढत जातो. तीस मीटरवर दाब चौपट होतो, बुडबुडे चेपतात आणि जाड पोशाख पातळ पोशाखासारखा वागू लागतो. ड्रायसूटमध्ये पाणी शिरतच नाही. त्याच्या आत उबदार कपडे घालता येतात आणि गरजेप्रमाणे वायू सोडून दाबाचा तोल सांभाळता येतो. मुलीकडे ड्रायसूट होता, पण त्याच्या आतला पोशाख पातळ होता आणि हातमोज्यांत पाणी शिरत होते.

माझ्या मते सगळा निर्णय इथेच दडलेला होता. आतला पोशाख हे भांडवल, विजेची ऊब ही उसनवारी. वीज कधीही जाऊ शकते: तार तुटते, जोडणीत पाणी शिरते, बॅटरी संपते. बंडी बंद पडली तरी त्याच पाण्यातून, ठरलेल्या वेळात, सुखरूप वर येता आले पाहिजे. एवढा पोशाख आधी अंगात हवा. ज्याला भांडवलाशिवाय उचल दिली, तो दुकानदार एका मंदीत बसतो, हे मी उमेदीच्या काळात पुष्कळ पाहिले आहे. म्हणून मी तिला कळवले, ‘‘बंडीचे पैसे बाजूला ठेव. आधी जाड आतला पोशाख, चांगली टोपी आणि पाणी न शिरणारे हातमोजे घे.’’

पोशाख कशाचा, हा आपल्या घरांत ओघानेच येणारा प्रश्न. पिसांचे जाकीट बदकांच्या आणि हंसांच्या अंगावरून येते. ते आपल्याला नको. योगायोग असा की पाणबुड्यालाही ते नको असते, कारण पिसे ओली झाली की चिकटून बसतात आणि ऊब संपते. रेशमासाठी कोष उकळले जातात, त्याबद्दल आपल्या वाचकांना सांगायला नको. लोकरीबाबत आपल्या परंपरेत सरसकट नकार नाही. श्वेतांबर साधूंचा ओघा लोकरीचाच असतो. मात्र बारीक मेरिनो लोकरीसाठी ऑस्ट्रेलियात मेंढीच्या मागच्या भागाची कातडी कापण्याची जी प्रथा आहे, ती कळल्यावर मुलीने स्वतःच ती लोकर नाकारली. पॉलिएस्टरच्या तंतूंचे आतले पोशाख मिळतात. ते ओलसर झाले तरी बरीच ऊब टिकवतात. व्रत पाळण्यासाठी सुरक्षिततेत तडजोड करावी लागली नाही, याचे मला समाधान वाटले.

त्यानंतर बंडीचा विचार. पहिली गोष्ट बॅटरीची जागा. काही बंड्यांत बॅटरी पोशाखाच्या आतच, अंगाशी असते. लिथियम बॅटरीत बिघाड झाला तर ती भयंकर तापते, आणि पाण्याखाली ड्रायसूट उघडून ती बाहेर फेकता येत नाही. दुसऱ्या प्रकारात बॅटरी बाहेर, पाठीवरच्या नळकांड्याशी किंवा कमरेला बांधतात. वीज एका जलरोधक जोडणीतून आत येते आणि चटका बसू लागला तर हाताने ती जोडणी तोडता येते. आम्ही दुसरा प्रकार निवडला. तो महाग आहे. पण महाग आहे म्हणून निवडला नाही. शिवाय बंडी उघड्या अंगावर घालायची नाही, आत एक पातळ सदरा हवाच, ही सूचना मी दोनदा लिहून पाठवली.

दुसरी गोष्ट शक्तीचा हिशेब. बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॉट-तास मिळतात. १२ व्होल्ट आणि ८ अँपिअर-तास म्हणजे ९६ वॉट-तास. ४० वॉट खाणारी बंडी त्यावर कागदोपत्री दोन तास चोवीस मिनिटे चालेल. परंतु थंडीत बॅटरी पूर्ण शक्ती देत नाही आणि जुनी झाली की आणखी कमी देते. म्हणून मी त्यातले एक चतुर्थांश बुडीत धरायला सांगितले. विमानप्रवासाचा नियमही याच आकड्यांवर चालतो. १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी हातातल्या सामानात नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि त्यापुढे प्रवाशाला नेता येत नाही. सुटी बॅटरी मोठ्या बॅगेत टाकायची नाही आणि तिची टोके झाकलेली हवीत. ज्यांची मुले परदेशी शिकतात, त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. कॅमेरा आणि पॉवर बँक यांनाही हाच नियम आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अनपेक्षित वाटली. पाण्याखाली दाबामुळे श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो; वर येताना तो सावकाश बाहेर पडावा लागतो, नाहीतर बुडबुडे होऊन सांधे आणि मज्जासंस्था यांना इजा करतो. अंग गरम असेल तर रक्तप्रवाह जोरात चालतो आणि खोलवर नायट्रोजन अधिक शोषला जातो. वर येताना अंग गार पडले तर तो बाहेर पडणे मंदावते. अमेरिकी नौदलाच्या फ्लोरिडातील पाणबुडी संशोधन केंद्राने २००७ मध्ये याविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. खाली गरम आणि परतताना गार, ही स्थिती सर्वांत धोक्याची ठरली. खाली गार आणि परतताना ऊबदार, ही सर्वांत सुरक्षित. त्या प्रयोगात गरम पाणी ३६ अंशांचे होते आणि गार पाणी २७ अंशांचे, म्हणजे आपल्या तारकर्लीसारखे. हाडे गोठवणारे पाणी नसतानाही फरक पडला.

याचा अर्थ असा की बंडी मिळाली म्हणून पाण्यात शिरताच ती पूर्ण जोरावर लावायची आणि वर येता येता बॅटरी संपू द्यायची, हा उबेचा सर्वांत वाईट वापर. खाली असताना बंद किंवा अगदी मंद, आणि परतीला मध्यम, हा शहाणपणाचा क्रम. वर आल्यावर लगेच कढत पाण्याने स्नान करू नये, असेही त्या विषयाचे जाणकार सांगतात. भावाला हे समजावताना मी म्हणालो, ‘‘सुरुवातीलाच सगळी उचल खर्च करून हप्त्याच्या वेळी रिकामा बसणारा गिऱ्हाईक तुला ठाऊक आहे ना?’’ तो हसला. त्या महिन्यात पहिल्यांदा.

जानेवारीअखेर मुलीने आतला पोशाख आणि हातमोजे घेतले. केवळ त्यांनीच चाळीस मिनिटांचा प्रश्न बराचसा सुटला. बंडी तिने मार्चमध्ये घेतली, तीन पायऱ्यांच्या बटणाची, बाहेरच्या बॅटरीची. एप्रिलमध्ये एका बुडीत जोडणी सैल होऊन वीज गेली. तिने जोडीदाराला खूण केली, मोजणी तिथेच थांबवली आणि दोघे ठरलेले थांबे घेत वर आले. फोनवर ती म्हणाली, ‘‘थंडी वाजली, मोठे बाबा. पण कडी मीच सोडवली.’’ भावाने फोन आईकडे दिला आणि उठून बाहेर ओसरीवर गेला.

आपल्याकडे जयणा हा शब्द चालताना, पाणी गाळताना, दिवा लावताना ऐकू येतो. दुसऱ्या जीवाला इजा होऊ नये म्हणून घेतलेली काळजी, असा त्याचा अर्थ आपण जाणतो. आपल्या मुलांच्या देहाबाबतही तीच सावधगिरी हवी, आणि ती पैसे पाठवून पुरी होत नाही. पुण्यात असो की परदेशात, मुलाने एखादे महागडे साधन मागितले की ‘किती लागतील?’ हा प्रश्न आपल्या तोंडी आधी येतो. आपण व्यापारी माणसे, तो येणारच. त्याच्या आधी एक प्रश्न विचारावा : हे बंद पडले तर तुझ्याजवळ काय उरेल? त्याचे नीट उत्तर मिळाले, की मग किंमत विचारावी.