ओळंबा

आमच्या घरात थापी, गुण्या, रंधा ही अवजारं ओसरीवर कुठेही पडलेली असत. ओळंबा मात्र अण्णा स्वतःच्या हाताने खुंटीला टांगत. निमुळता पितळी गोळा, सुती दोरी आणि दोरीत ओवलेला लाकडी गुटका. गुटक्याची रुंदी गोळ्याच्या व्यासाइतकीच असते. गुटका भिंतीच्या माथ्याला टेकवायचा आणि गोळा खाली सोडायचा. तो भिंतीला जेमतेम शिवला तर भिंत सरळ आहे. मध्ये फट राहिली तर भिंत बाहेर झुकलीय, गोळा भिंतीवर रेलला तर आत. "डोळ्यावर जाऊ नगं, दोरी सोड," असं अण्णा हाताखालच्या पोरांना सांगायचे. उमरगा तालुक्यातल्या आमच्या गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारीच्या भूकंपात ती घरं पडली. गणपती विसर्जन करून गावं नुकतीच झोपली होती. आमच्याकडच्या भिंती दोन-दोन हात रुंद असत. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, मध्ये चिखल आणि दगडाच्या कपच्या. वर माळवद, म्हणजे लाकडी सरे-तुळयांवर पसरलेला मातीचा जाड थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर आणखी माती पडायची. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन पदर सुटले आणि तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. ओळंब्यात उभ्या असलेल्या भिंतीही वाचल्या नाहीत, कारण दोन पदरांना धरून ठेवणारं आत काहीच नव्हतं. अण्णांना ते फार लागलं. कितीतरी दिवस ते बोलतच नव्हते.

तेव्हा मी चौथीत होतो. मदतीला येणाऱ्यांच्या रांगा मी घेणाऱ्याच्या बाजूने पाहिल्या आहेत. सैन्याचे जवान आले, डॉक्टर आले, शहरांतून तरुणांचे गट आले. आलेल्या प्रत्येकाचे उपकार आहेत. पण आजही गावात नाव निघतं ते गर्दी ओसरल्यावरही पत्र्याच्या शेडमध्ये आमच्याबरोबर राहिलेल्यांचं. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून मोठं पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी वसली. त्या काळात एक तरुण अभियंता अण्णांच्या शेजारी बसून त्यांना 'दादा, हे कसं करता?' असं विचारायचा आणि मग आपल्याकडचं सांगायचा. दर दोन फूट उंचीवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. चाळीस वर्षं दगड रचणारा माणूस नव्याने शिकला, कारण शिकवणाऱ्याने आधी त्याच्या हाताचा मान ठेवला होता.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळ हादरलं. तोवर मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवू लागलो होतो आणि अण्णांचा ओळंबा माझ्याकडे आला होता. ७.८ तीव्रतेच्या त्या भूकंपाचं केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ होतं. बातम्यांतली छायाचित्रं बघवत नव्हती. तोच दगड, तोच चिखल, तेच सुटलेले पदर. नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारी असते. भूकंप शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास झाला. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण त्या रिकाम्या होत्या. आमच्याकडे रात्रीने माणसं नेली, तिथे सुटीच्या वाराने मुलं वाचवली.

भारताच्या सीमेवरच्या नाकेबंदीमुळे नेपाळचा पुढचा हिवाळा इंधन आणि सामानाच्या टंचाईत गेला. मदतीसाठी जमवलेला आमचा गट २०१६ चा पावसाळा संपल्यावर निघाला. त्यात किल्लारी परिसरातले काही गवंडी होते, माझे विद्यार्थी होते, एक परिचारिका होती. गोरखपूरहून सुनौलीची सीमा, तिथून मुग्लिन, गोरखा बाजार आणि पुढे जीपचा कच्चा रस्ता. डोंगरातल्या एका गावी दोन वर्गांची शाळा बांधायची होती. गावातले कितीतरी तरुण आखातात आणि मलेशियात कामाला गेलेले. बायकांनी गवंडीकामाचं प्रशिक्षण घेतलं होतं. कामावरची मुख्य डकर्मी, म्हणजे गवंडी, चाळिशीची बाई होती. आम्ही सगळे तिला दिदी म्हणत होतो. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार तिचं नेपाळी आम्हाला हिंदीत समजावत.

आमचं काम दगड वाहण्याचं, वाळू चाळण्याचं आणि पाणी आणण्याचं. डोक्याला पट्टा लावून पाठीवर डोको, म्हणजे टोपली, वाहणाऱ्या आजी आमच्या पुढे निघून जात. दिदी प्रत्येक आरपार दगड आधी जमिनीवर ठेवून त्यावर हातोडी मारायची आणि कान द्यायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला. आमच्या गवंड्यांनी माना डोलावल्या, तेही हेच करत आलेले. एका दुपारी मी ओळंबा तिच्या हातात दिला. तिने गुटका कोपऱ्याच्या दगडाला टेकवला आणि गोळा सोडला. डोंगरावरच्या वाऱ्याने तो झुलायला लागला तसा दुसऱ्या हाताचा तळवा आड धरून तिने तो थांबवला. वाकून पाहिलं आणि पुढच्या थराला खूण केली. तिथून लिंटलचा पट्टा ओतेपर्यंत ओळंबा तिच्याकडेच राहिला.

भांडी घासून झाली की रात्री सुभेदारांच्या अंगणात दोन्हीकडचे गवंडी बोलत बसत. माळवदाचं वजन किती, तिथल्या पाटीच्या दगडाचं छप्पर किती जड, आरपार दगड मिळाला नाही तर काँक्रीटचा तुकडा ओतून कसा घालायचा. मी त्या गटाचा पुढारी होतो, पण त्या बैठकीत मी फक्त ऐकत असे. या प्रवासातलं सर्वांत मोलाचं काम तिथे झालं, असं मला वाटतं.

आता असे प्रवास विकतही मिळतात. पैसे भरा, परदेशात जा, आठवडाभर सेवा करा. नेपाळमध्येच आई-वडील हयात असलेल्या मुलांना पाहुण्यांच्या पैशासाठी अनाथालयात ठेवल्याची प्रकरणं उघड झाली आहेत. माझे विद्यार्थी दरवर्षी विचारतात, सर, आम्हीही एखाद्या गटाबरोबर जावं का? जरूर जा. पण नाव देण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. तिथला गवंडी कोण आहे, त्याला रोजची मजुरी मिळते का, तुमच्यामुळे कुणाचा रोजगार जात नाही ना. तुम्ही परत आल्यावर ते काम कोण सांभाळणार आहे, हेही विचारा. उत्तरं सरळ मिळाली नाहीत, तर प्रवासाचे पैसे तिथल्या एखाद्या गवंड्याच्या प्रशिक्षणाला द्या.