राग मे महिन्यातच का येतो?

शंभरात फक्त नऊ! हा आकडा वाचल्यापासून मी भेटेल त्याला तो सांगत सुटलोय. शिक्षकांच्या खोलीत सांगितला, चहाच्या टपरीवर सांगितला, गडचांदूरहून घाट चढणाऱ्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितला. लहानपणी एडीएचडीचं, म्हणजे आपण ज्याला अतिचंचलता म्हणतो त्याचं, निदान झालेल्या मुलांपैकी पंचविशीपर्यंत त्यातून पुरती बाहेर पडली आणि बाहेरच राहिली ती शंभरातली नऊ. मग बाकीची जन्माची अडकली? तेही नाही! सलग, एकसारखा त्रास राहिला तो अकरांच्या आसपासच मुलांना. सगळ्यात मोठा गट चौसष्ट जणांचा, आणि त्यांचं काय झालं? निवळलं, पुन्हा उफाळलं, पुन्हा निवळलं. वर्षानुवर्षं भरती-ओहोटी.

‘वयात आलं की सुधारेल’, ‘दोनाचे चार हात करून द्या, ताळ्यावर येईल’ हे आपल्याकडे किती खात्रीनं सांगतात! आणि उलट बाजूनं ‘हा कधीच सुधारणार नाही’ हेही तितक्याच खात्रीनं. दोन्ही वाक्यं एका फटक्यात मोडीत निघाली. ज्या अभ्यासानं ती मोडली त्याचं नाव एमटीए. उत्तर अमेरिकेतली सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं त्यात घेतली होती. उपचारांचे पहिले निष्कर्ष १९९९ मध्ये आले, पण संशोधक तिथं थांबले नाहीत, त्या मुलांच्या मागे सोळा वर्षं राहिले. मार्गारेट सिब्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्यातल्या ५५८ जणांचा आलेख मांडला. एकदाच मोजून ‘गेलं’ किंवा ‘राहिलं’ असा शिक्का मारण्याऐवजी त्यांनी एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा पाहिलं. साधी गोष्ट वाटते, पण ती केल्याबरोबर चित्रच पालटलं.

मी माणिकगड पहाडावर, जिवती तालुक्यात शिकवतो. इथल्या एका वर्गात गोंडी बोलणारी, कोलामी बोलणारी, घरी बंजारा बोली असलेली आणि ज्यांचे आजोबा मराठवाड्यातून दुष्काळात इथं येऊन वसले अशी सगळी मुलं एका बाकावर असतात. वर्ग कुठलाही असो, त्यात एखादं लेकरू असतंच, ज्याच्या नावानं गाव बोटं मोडतं. अभ्यासावरून तसं फारसं कुणी बोलत नाही. सगळी तक्रार रागाची असते.

आणि इथं मला दुसरा धक्का बसला. निदानासाठी जी अधिकृत लक्षणांची यादी वापरतात, तिच्यात अठरा लक्षणं आहेत: नऊ अवधानाची, नऊ चंचलतेची आणि उतावळेपणाची. राग त्यात नाही! पटकन भडकणं, पटकन रडू येणं, निराशा न सोसणं यांना ‘सोबत आढळणाऱ्या गोष्टी’ म्हणून बाजूला जागा दिलेली आहे. खरं तर पॉल वेंडर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं प्रौढांमधली अतिचंचलता ओळखण्यासाठी जे निकष बांधले, त्यात तापट स्वभाव आणि भावनांची झपाट्यानं होणारी उलथापालथ ठळकपणे होती. आता गेल्या काही वर्षांत संशोधक पुन्हा तिकडेच वळले आहेत, कारण पौगंडावस्थेनंतर धावपळ बरीच ओसरते आणि माणसाची नोकरी, मैत्री, संसार मोडतो तो भावनांचा तोल गेल्यामुळे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं सांगतो. नववीत होता. कबड्डीच्या सामन्यात पंचानं त्याचा पाय रेषेबाहेर दिला. मी तीन हातांवर उभा होतो. आधी त्याचे कान लाल झाले, मग उजव्या हाताची बोटं मातीत रुतली, मग ती माती पंचाच्या तोंडावर. हे सगळं एका श्वासात. चार पोरांनी धरून बाजूला नेला. थोड्या वेळानं पाहतो तर हौदाजवळ बसून हमसून हमसून रडतोय आणि पंच झालेल्या पोराला स्वतःच्या हातानं पाणी देतोय. ‘सर, राग येऊन गेल्यावर कळते का आला होता म्हणून,’ मला म्हणाला. आईनं तर कधीच सांगून ठेवलं होतं, ‘गुरुजी, लेकरू वाईट नाही हो माझं. त्या टायमाला त्याला कळंनाच होतं.’ चंद्रपूरला मनोविकारतज्ज्ञांनी पुढे एडीएचडीचं निदान केलं.

त्या मायलेकांचं म्हणणं किती अचूक होतं हे मला आत्ता समजतंय! फिलिप शॉ यांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. मेंदूच्या बाह्य थराची जाडी बहुतेक मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या वयात शिखराला पोचते, एडीएचडी असलेल्यांत साडेदहाला. क्रम तोच, पण तीन वर्षं उशिरा, आणि उशीर सगळ्यात जास्त कपाळामागच्या त्या भागात, जो थांब म्हणतो, विचार कर म्हणतो. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर फेऱ्या मारल्या. आपण त्याला ‘मुद्दाम करतो’ म्हणत होतो!

मग भावनांच्या नियमनाबद्दल मिळेल ते वाचलं. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाची १९९८ ची मांडणी मला फार आवडली. तो म्हणतो, भावना घडत जाते, आणि घडता घडता तिला पाच ठिकाणी हात घालता येतो. प्रसंगात जायचं की नाही ते ठरवता येतं, प्रसंग थोडा बदलता येतो, लक्ष दुसरीकडे वळवता येतं, त्याच गोष्टीचा अर्थ वेगळा लावता येतो, आणि अगदी शेवटी, उसळलेली भावना आवरता येते. पण आपण मुलांना शिकवतो काय? फक्त शेवटचं! ‘गप बस’, ‘राग गिळ’. ग्रॉस आणि लेव्हन्सन यांच्या प्रयोगांत दिसलं की चेहरा कोरा ठेवल्यानं आतली भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो. आमच्या घाटात गाडी उताराला लागण्याआधी गिअर बदलावा लागतो, वळणावर करकचून ब्रेक दाबून भागत नाही. ज्या मुलाचा ब्रेकच तीन वर्षं उशिरा तयार होतोय, त्याला तर आधीच्या चार जागाच शिकवायला हव्यात. अर्थ बदलण्याची विद्या मराठीत नवी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्या भाषेत केव्हाच आणून ठेवली आहे. औषधांनी लक्ष लागायला चांगली मदत होते, भावनांवर त्यांचा परिणाम तुलनेनं कमी दिसतो, म्हणून हे शिकवणं जास्तच गरजेचं.

आणि शिकवत राहणंही. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतून ज्या तीस बाबी तपासायच्या, त्यात एडीएचडी आहे, ही केवढी चांगली गोष्ट! पण तो कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. त्या चौसष्टांपैकी ज्यांचं विशीत पुन्हा उफाळतं, त्यांच्या दारात तेव्हा कुणी जात नाही. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. तो मी दहावीच्या निरोपाच्या दिवशी फळ्यावर लिहून देणार आहे. पहाडावर रेंज मिळाली तर उपयोग, हेही खरंच.

आता मे महिन्याचं. कबड्डीतला तो मुलगा आज तरणाबांड गडी आहे, घरची कोरडवाहू कापूस-तुरीची शेती करतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत त्याच्याबद्दल गावात चकार शब्द ऐकू येत नाही. पहाटे उठतो, मजुरांचा हिशेब चोख ठेवतो, गाडी भरून कापूस विकायला नेतो. भांडण, मारामारी, मोडलेला मोबाइल हे सगळं उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचे थोडे दिवस सोडले तर हाताला काम नसतं तेव्हा. मला हा योगायोग वाटत होता. आणि मग सिब्लींचा २०२४ चा अभ्यास हाती आला! त्याच एमटीएच्या मुलांमध्ये त्यांना दिसलं की त्रास पूर्ण निवळण्याचे काळ बहुधा तेच असतात, जेव्हा आयुष्याच्या मागण्या जास्त असतात. ओझं वाढलं की बिघडेल अशी अपेक्षा होती, निघालं उलटं!

संशोधकांनी प्रामाणिकपणे एक शंका नोंदवली आहे: जबाबदारीनं माणूस सावरतो, की सावरलेला असताना तो जबाबदारी घेतो? शहरात हे सोडवणं कठीण, कारण तिथं कोण किती काम अंगावर घेणार हे बरंचसं ज्याचं तोच ठरवतो. पण पहाडावर? इथं काम माणूस निवडत नाही, पाऊस निवडतो. मृग बरसला की मन थाऱ्यावर असो-नसो, प्रत्येकाला तिफणीमागे जावंच लागतं. म्हणजे कोंबडी आधी की अंडं याचं उत्तर शोधायला याहून चांगली जागा कुठली! मेमधलं ऊन, तुटलेली झोप, पाण्यासाठीची पायपीट यांचा वाटा वेगळा काढावा लागेल, लग्नसराईतल्या दारूचाही. तरी ते जमण्यासारखं आहे. जानेवारीत थंडी असते आणि वेचणी चालू असते, मार्चमध्ये ऊन मेइतकं नसतं पण काम आटोपलेलं असतं. या दोन महिन्यांची तुलना केली तरी कितीतरी कळेल. चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय घाटाखाली आहे, सेवाग्रामला गावोगाव हिंडून आरोग्य तपासण्याची जुनी परंपरा आहे. त्यांच्यापैकी कुणी या, दर महिन्याला एकदा, वर्षभर. मुलं कुठं भेटतील, कुणाच्या घरी चहा मिळेल आणि कोणत्या गुड्यावर, म्हणजे वस्तीवर, कोलामी बोलणारा सोबत लागेल, हे सगळं मी सांगतो.