उलट्या ठेक्याचा गडी

हृदयविकाराच्या आयसीयूत पलंगाच्या पायथ्याशी चाकांवर उभं असलेलं हे धूड म्हणजे बलून पंप. नावावरून घोटाळा करून घेऊ नका. आपल्याकडे ‘बलून टाकला’ म्हणजे अँजिओप्लास्टी झाली. तो बलून वेगळा. क्षणभर फुगतो, रस्ता रुंद करतो आणि जातो. हे महाशय मुक्कामाला येतात.

यांना बोलावणं येतं ते घर बुडायला लागल्यावर. मोठा झटका येऊन हृदयाचा बराचसा स्नायू कामातून जातो, रक्तदाब नव्वदीच्या वर चढेनासा होतो, हातपाय गार पडतात, लघवी आटते. याला डॉक्टर कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटतं, पेशंटने कसला तरी धसका घेतला.

खरा कामाचा भाग धुडात नसतोच. मांडीच्या धमनीतून वर सरकवून छातीतल्या महाधमनीत ठेवलेला, कोवळ्या पडवळासारखा लांबट फुगा, तो खरा गडी. पोटात मावतो साधारण चाळीस मिलिलिटर वायू, कटिंग चहाहूनही कमी. त्यातही हवा चालत नाही, हेलियमच लागतो. हलका असल्यामुळे तो बारीक नळीतून झरझर ये-जा करतो. सिलिंडर संपत आला की हा कुरकुरायला लागतो.

एका उखळात दोघी जणी कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली येतं. याचं काम तसंच, अगदी उलट्या ठेक्याचं. हृदय विसावलं की हा फुगतो आणि रक्त मागे रेटतो. हृदयाच्या स्वतःच्या धमन्या भरतात त्या मुख्यतः या विसाव्यातच. पुढचा ठोका पडायच्या ऐन आधी हा अंग चोरतो, म्हणजे थकलेल्या हृदयाला पुढे जागा मोकळी मिळते. ठेका चुकला तर मात्र मुसळावर मुसळ. वेळेआधी फुगला किंवा उशिरा आकसला, तर बिचारं हृदय याच्याच अंगावर रक्त ढकलत बसतं. म्हणून ईसीजीवर नजर ठेवून असतो. ठोके अनियमित झाले की गांगरतो आणि अलार्म वाजवून सगळा वॉर्ड गोळा करतो.

नखरे पुष्कळ. महाधमनीची झडप गळकी असेल किंवा महाधमनीच्या भिंतीला चीर गेली असेल, तर त्या घरी याने पाऊल ठेवायचं नाही. अर्धा तास नुसता बसवून ठेवला की अंगावर गुठळ्या धरतो. शिवाय आहे तोवर पेशंटने तो पाय वाकवायचा नाही.

खानदान मोठं. 1962 साली क्लीव्हलँडमध्ये मुलोपोलस आणि सहकाऱ्यांनी कल्पना मांडली. 1967 मध्ये ब्रुकलिनच्या मायमोनिडीज रुग्णालयात एड्रियन कँट्रोविट्झ यांनी शॉकमधल्या एका पंचेचाळीस वर्षांच्या बाईला तो बसवला, आणि बाई बरी होऊन घरी गेली. मग काय, पुढची काही दशकं शॉक म्हटलं की याला मानाचं पान.

2012 मध्ये जर्मनांनी हिशेब मांडला. सहाशे पेशंट, निम्म्यांना हा, निम्म्यांना नाही. महिन्याभरात दोन्हीकडे शंभरातले सुमारे चाळीस गेले. बंद धमनी लवकर उघडणं हाच खरा उपचार, हे 1999 च्या शॉक चाचणीनंतर ठसलेलं होतंच; आता याचा नेहमीचा हक्कही गेला. वर सवत आली, इम्पेला. ही ठेकाबिका पाहत नाही, डाव्या कप्प्यातलं रक्त स्वतःच उपसून महाधमनीत टाकते. 2024 च्या चाचणीत, निवडक पेशंटांत, 180 दिवसांतले मृत्यू 58.5 टक्क्यांवरून 45.8 वर आले. रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणं मात्र वाढलं, आणि तिची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपत नाही.

तेव्हा म्हातारा अजून टिकून आहे. झटक्याने हृदयातला पडदा फाटला किंवा झडपेचा आधार तुटला, तर ऑपरेशनपर्यंत धीर द्यायला अजूनही कधीकधी यालाच हाक मारतात.

याला निरोप देतानाही घाई चालत नाही. आधी प्रत्येक ठोक्याला साथ, मग दोनात एक, मग तिनात एक. शेवटी बटण दाबतात आणि चार दिवस रात्रंदिवस चाललेला तो धपधप आवाज एकदम थांबतो. पेशंट डोळे उघडून घाबऱ्या घाबऱ्या विचारतो, “सिस्टर, बंद पडलं?”

“तुमचं चालू आहे काका. याचं बंद केलंय.”